घरचे बायोडिझेल आणि टेबलाखालचा डबा

विज्ञान प्रदर्शनातली बायोडिझेलची बाटली ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. तालुक्याच्या कोणत्याही प्रदर्शनात गेलात तरी एका टेबलावर सोनेरी, नितळ द्रवाची बाटली, तिच्यामागे पुठ्ठ्यावर काढलेली आकृती आणि पाठ केलेले भाषण धडाधड म्हणणारा एखादा नववीतला मुलगा दिसायचाच. पाहुणे बाटली हातात घेतात, उजेडात धरतात, शाबासकी देतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. त्याच टेबलाखाली, कापडाआड सरकवलेला काळपट चिकट द्रवाचा एक डबा असतो. त्याच्याविषयी कोणी विचारीत नाही. मला आज बोलायचे आहे ते त्या डब्याविषयी.

मी रसायनशास्त्राचा माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी अर्थशास्त्र शिकवतो. रसायनातले जे काही पुढे येईल ते शेजारच्या विभागातल्या मित्रांकडून शिकलेले आणि त्यांच्याकडूनच तपासून घेतलेले आहे. पण या प्रश्नाची एक बाजू अर्थशास्त्राची आहे आणि ती शेतकऱ्याला आमच्यापेक्षा बरी कळते. ज्वारी पेरली की कणीस येते, तसा कडबाही येतो. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले तेव्हा दाणा भरघोस होता, पण धाट बुटके. पुष्कळांनी नाक मुरडले ते कडब्यासाठी. कारण कडब्याचा विचार पेरणीच्या वेळी करावा लागतो. मळणीला बसल्यावर करून काही उपयोग नसतो. घरच्या बायोडिझेलचे नेमके तसेच आहे. इंधन तयार झाल्यावर 'आता या उरलेल्याचे काय करू?' असे विचारणाऱ्याला चांगले उत्तर सहसा मिळत नाही. तो प्रश्न तेलात पहिली पुडी टाकण्यापूर्वी विचारायला हवा.

मी या विषयाकडे वळलो त्याचे दुसरे कारण जरा लाजिरवाणे आहे. आमच्या मुलांनी एकदा गावातल्या भज्यांच्या गाड्यांवरून तळून तळून काळे झालेले तेल गोळा केले आणि पाच-सहा खेपांत बऱ्यापैकी इंधन तयार केले. खाली उरलेला द्रव एका कॅनमध्ये भरला आणि व्यवस्थितपणाची हौस म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवली : 'ग्लिसरीन'. चिठ्ठी लावा असे सांगणारा मीच. खोली झाडणाऱ्या मावशींनी ती वाचली. थंडीचे दिवस होते, टाचांना भेगा पडलेल्या. भेगांना ग्लिसरीन चांगले, हे कोणाला ठाऊक नाही? त्यांनी विचारूनच वाटीभर नेले. कोणीतरी 'न्या की' असे म्हटलेही. तिसऱ्या दिवशी मावशी पायाला फडके बांधून लंगडत आल्या. भेगांच्या कडा लालभडक होऊन कातडी सोलवटली होती. दवाखान्यात नेले, महिन्याभराने बरे वाटले. मी त्यांना म्हणालो, "मावशी, ते तसलं ग्लिसरीन नव्हतं हो." त्या म्हणाल्या, "मग सर, वर लिवलं कशाला?" मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या घरात दोन वर्षांची नात होती, आणि तोंड आले की मुलांच्या जिभेला ग्लिसरीन लावायची आपल्याकडे रीत आहे, हे मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले.

तर त्या डब्यात असते तरी काय?

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. तेव्हा तेलावर इंजिन चालते यात नवे काही नाही. अडचण तेलाच्या दाटपणाची. ते नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते आणि आत काजळी धरते. तेलाच्या एका कणाची रचना अशी समजा की, एका दावणीला तीन जनावरे बांधलेली आहेत. जनावरे म्हणजे मेदाम्लांच्या लांब साखळ्या आणि दावण म्हणजे ग्लिसरीन. तिन्ही एकत्र बांधलेली, म्हणून कण मोठा आणि हालचाल जड. अल्कली मिसळलेले मेथॅनॉल काय करते, तर तिन्ही जनावरे दावणीवरून सोडते आणि प्रत्येकाच्या गळ्यात आपले एकेक हलके दावे अडकवते. सुटी झालेली ही जनावरे म्हणजे बायोडिझेल. मोकळी राहिलेली दावण जड असते, ती खाली बसते. बायोडिझेलचा एक लिटर सुमारे ८८० ग्रॅम भरतो, तर शुद्ध ग्लिसरिनचा लिटर सव्वा किलोच्या वर. म्हणूनच दोन्ही आपोआप वेगळे होतात आणि खालची तोटी उघडून ग्लिसरीन काढून घेता येते.

गंमत अशी की, अमेरिकेत १९४० च्या दशकात तेलावर मेथॅनॉलची हीच क्रिया करण्याची पेटंटे घेतली गेली, ती इंधनासाठी नव्हे. साबणधंद्याला सोपी वाट हवी होती आणि ग्लिसरीन सहज सुटे करून हवे होते. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. ग्लिसरिनपासून नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक होते, म्हणून अमेरिकन गृहिणी कढईत उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाच्या दुकानी नेऊन देत. त्या काळी दावण मोलाची होती. आज जनावरे मोलाची आहेत आणि दावण उकिरड्यावर पडते. वस्तू तीच, तिला मुख्य म्हणायचे की दुय्यम, हे बाजार ठरवतो.

आता हिशेब मांडू. दहा लिटर तेल घेतले, म्हणजे वजनाने नऊ किलोच्या थोडे वर. त्यात दोन लिटर मेथॅनॉल. नव्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम कॉस्टिक सोडा किंवा पाच-साडेपाच ग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतो. तळलेल्या तेलाला अधिक, आणि तो किती हे प्रत्येक खेपेला तपासून ठरवावे लागते. यातून इंधन साधारण दहा लिटर मिळते. शुद्ध ग्लिसरीन मात्र जेमतेम एक किलो, म्हणजे पाऊण लिटर. पण तळाशी प्रत्यक्षात दीड लिटरच्या आसपास द्रव निघतो. वरचे पाऊण लिटर कसले? क्रियेला खरोखर लागते ते मेथॅनॉल सव्वा लिटरच असते. क्रिया पुरी व्हावी म्हणून आपण पाऊण लिटर जादा घातलेले असते. त्यातले निम्म्याहून अधिक या तळाच्या द्रवात मुरते. शिवाय घातलेली बहुतेक सगळी अल्कली, तिने तेलातल्या मोकळ्या आम्लांशी मिळून केलेला साबण, अर्धवट राहिलेले तेल आणि भज्यांचा गाळ. असा हा चार-पाच जिनसांचा काला आहे. आम्ही त्यावर 'ग्लिसरीन' लिहिले, हे म्हणजे मिसळीच्या वाटीवर 'मटकी' लिहिण्यासारखे झाले.

यांतली खरी भिण्यासारखी चीज मेथॅनॉल. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती मेथॅनॉलनेच. दोन चहाचे चमचे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. ते कातडीतून मुरते, त्याची वाफही बाधते. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. पेटले आहे हे हात भाजल्यावरच कळते. विकत घ्यायला आणि साठवायला विषांसंबंधीचे नियम आहेत, परवाना लागतो, आणि तो लागतो हे योग्यच आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे, प्रदर्शनासाठी हा प्रयोग मुलांच्या घरी होऊ देऊ नका. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जाणत्या माणसासमोर, हातमोजे आणि चष्मा घालूनच तो व्हावा.

मेथॅनॉल ६५ अंशांखालीच उकळते, ग्लिसरिनला २९० अंश लागतात. एवढे अंतर असल्यामुळे दोन्ही वेगळी करणे तत्त्वतः सोपे. बंद भांडे, विजेची शेगडी, वाफ थंड करणारी नळी आणि खाली दुसरे बंद भांडे. मेथॅनॉल परत मिळते, पुढच्या खेपेला उपयोगी पडते आणि खर्च कमी होतो. पण हे सारे उघड्यावर, ज्वाळेपासून दूर आणि नीट बनवलेल्या साधनातच करायचे. चुलीवर पातेले ठेवून मेथॅनॉल 'उडवून' टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याचे आभार मानून घरी परत या. उन्हात उघडे ठेवले तरी चालते, असेही काही जण सांगतात. काही भाग उडतो खरा. पण ग्लिसरीन मेथॅनॉलला धरून ठेवते आणि आठ दिवसांनी किती उरले हे डोळ्यांना दिसत नाही. पाच-दहा लिटरसाठी ऊर्ध्वपातनाचे साधन परवडत नाही. म्हणून माझे मत असे की, घरोघरी बायोडिझेल करण्यापेक्षा दहा-वीस जणांनी एकत्र येऊन एका जागी करावे, आणि ते विकायला नव्हे, आपापल्या पंपापुरते. तेवढ्या तेलाला साधनही परवडते आणि एक माणूस जबाबदारही राहतो.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. या ग्लिसरिनचा माणसाच्या अंगाला, तोंडाला, औषधाला किंवा जनावराच्या चाऱ्याला काडीचा संबंध येता कामा नये. मेथॅनॉल काढून घेतल्यावरसुद्धा नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुग्णांना दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विष निघाले आणि चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ते विष निराळे. आपल्या डब्यात ते नसते. पण कारखान्याच्या कामाचे ग्लिसरीन आणि औषधाचे ग्लिसरीन दिसायला सारखेच, दाट आणि गोड. नावावर विश्वास ठेवला की काय होते, ते या प्रसंगात दिसले.

आता पेरणीच्या वेळच्या निर्णयाकडे येऊ : सोडा घ्यायचा की पोटॅश? इंधन दोन्हींनी सारखेच होते. सोडा स्वस्त, सहज मिळणारा, म्हणून बहुतेक जण तोच घेतात. पण त्यातले सोडियम जाते कुठे? सगळे त्या डब्यात आणि धुण्याच्या पाण्यात. ते शेतात ओतले तर काय होईल, हे कालव्याच्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. सोडियम साठून चोपण झालेली काळी जमीन त्याने पाहिलेली असते : पावसात चिखल, उन्हात दगड. पोटॅशमधले पोटॅशियम हे मात्र पिकाचे अन्न आहे. त्या डब्यात बेताने फॉस्फोरिक आम्ल घातले की द्रवाचे तीन थर होतात. वर मेदाम्ले, मध्ये ग्लिसरीन, तळाशी पोटॅशियम फॉस्फेटचा साका. स्फुरद आणि पालाश दोन्ही देणारे खतच ते. सोड्याच्या डब्यात तोच साका निव्वळ सोडियमचे लवण होतो. तेव्हा ज्याला उरलेले जमिनीत जिरवायचे आहे त्याने चार पैसे जास्त मोजून पोटॅशच घ्यावा. शेतकऱ्याला माझा सल्ला तोच राहील. दोन्हीही अंग भाजणारे पदार्थ आहेत, हे वेगळे सांगायला नको.

'आणि साबण?' असे तुम्ही विचारणार. हा उपयोग सगळ्यांना आधी सुचतो, आणि त्याविषयी गैरसमजही तितकाच. ग्लिसरिनचा साबण होत नाही. साबण होतो तो मेदाचा. ग्लिसरीन साबण करताना सुटे होते. मोठे साबणवाले तर ते काढून घेऊन वेगळे विकतात. आपल्या डब्यात साबणाचा अंश आणि अर्धवट तेल असते, म्हणून तो फेसाळतो आणि तेलकट डाग काढतो. पोटॅशने केला असेल तर तो मऊ राहतो. मेथॅनॉल काढल्यावर पाण्यात कालवला की फरशी, अवजारे, ट्रॅक्टरचे ग्रीस धुवायला उत्तम. सोड्याचा असेल तर थंडीत गोठून तुपासारखा बसतो आणि त्यापासून वडी करणे सोपे जाते. पण चांगली टणक वडी हवी तर त्यात आणखी तेल घालावे लागते, आणि त्या तेलापुरता सोडा मोजून. बहुतेक तेलांना किलोमागे १३० ते १४० ग्रॅम, खोबरेलाला १८० च्या पुढे. मग चार-सहा आठवडे वडी वाळू द्यायची. अंदाजपंचे सोडा घालून केलेली वडी मावशींच्या टाचांचीच गोष्ट पुन्हा करील.

येथे शिक्षकांसाठी एक आडवळणाची गोष्ट. अल्कली ओळखायला आपल्या घरात हळद आहे. अल्कलीने ती लाल होते. हळदीचे कुंकू व्हायचे ते त्यामुळेच. बायोडिझेल धुतल्यानंतरच्या पाण्यात हळदीचा कागद बुडवून तो पिवळाच राहतो का, हे मुलांना दाखवावे. पण साबणाची परीक्षा हळदीने करू नका. उत्तम साबणही हळदीला लाल करतो; वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो हे प्रत्येक घरात रोज दिसते. साबणाला पीएच कागदच हवा, आणि आकडा दहाच्या वर दाखवीत असेल तर ती वडी फरशीला, हाताला नव्हे.

कंपोस्टच्या खड्ड्यात थोडे ग्लिसरीन, भरपूर पाण्यात मिसळून, शेण-मूत्राच्या जोडीने घालता येते. सूक्ष्म जीव ते आवडीने खातात. मात्र ते नुसते कार्बनी अन्न आहे, नत्र त्यात मुळीच नाही. एकटे घातले तर तेच जीव मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते.

मला सर्वांत पसंत पडलेला उपयोग म्हणजे गोबरगॅस. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या प्रयत्नांतून, शेणाऐवजी स्टार्च आणि साखर असलेल्या खरकट्यावर चालणारे छोटे गॅस संयंत्र बनवले. २००६ साली त्याला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार साधा आहे. शेण म्हणजे जनावराने पचवून टाकलेला चोथा. त्यात जिवाणूंना मिळून मिळणार किती? खरे अन्न दिले तर थोडक्यात जास्त गॅस मिळतो. ग्लिसरीन हे असेच खरे अन्न आहे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस मिळतो. एक किलो शुद्ध ग्लिसरीन पूर्ण पचले, तर कागदावरच्या हिशेबाने सातशे लिटरच्या वर. म्हणजे सतरा-अठरा किलो शेणाचे काम. प्रत्यक्षात याहून कमी मिळेल आणि आपले ग्लिसरीन शुद्धही नाही. तरी अंतर केवढे आहे पाहा.

पण अति खाऊ घातले तर माणसाचे पोट बिघडते तसे संयंत्राचेही बिघडते. ग्लिसरिनचे आम्ल झटपट होते. त्या आम्लाचा गॅस करणारे जिवाणू सावकाश काम करतात. आम्ल साठले की ते मरतात आणि संयंत्र आंबते. दोन घनमीटरच्या संयंत्रात रोज पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी जाते. त्यात, मेथॅनॉल काढून घेतलेले, आरंभी रोज शंभर ग्रॅम ग्लिसरीन पाण्यात विरघळवून घालावे. आठवडाभर ज्योत पाहावी, बाहेर येणाऱ्या स्लरीचा वास घ्यावा. आंबूस वास आला किंवा ज्योत फडफडू लागली तर ताबडतोब थांबावे. सगळे ठीक असेल तर हळूहळू वाढवीत अर्ध्या किलोपर्यंत न्यावे. त्यापुढे जाऊ नये, असे मी म्हणेन. दहा लिटर तेलाच्या खेपेतला डबा अशा रीतीने चार-पाच दिवसांत संपतो, शेगडीवर गॅस मिळतो आणि पोटॅश वापरला असेल तर तो स्लरीतून शेतात जातो. यासाठीच मी म्हणालो की निर्णय आधी घ्यावा.

जाळण्याविषयी थोडेच सांगतो, कारण मोह तेथे जास्त. हे ग्लिसरीन भुश्श्यात किंवा चिपाडात कालवून गोळे करतात. ते पेटतातही. पण कढईतले तेल करपले की डोळ्यांना झोंबणारा जो धूर येतो, तो मुख्यतः ॲक्रोलीन या वायूचा असतो, आणि ते ग्लिसरीन जळकट तापले की तयार होते. घरच्या चुलीत आच कमी-जास्त होते, धुमसते. तेथे हा वायू घरभर पसरतो. गुऱ्हाळाच्या चुलवणासारख्या धगधगत्या जाळात, चिमणीखाली, थोडे थोडे घातले तर वेगळी गोष्ट. स्वयंपाकघरात मुळीच नाही.

आतापर्यंत तळाच्या डब्याविषयी बोललो. पण तेल विकत न घेता करंजाच्या बिया घाण्यातून काढून वापरणार असाल, तर हिशेब अगदी उलटा होतो. शंभर किलो बियांतून यंत्राच्या घाण्याने पंचवीस किलोच्या आसपास तेल निघते. त्या तेलातून ग्लिसरीन मिळणार अडीच किलो, आणि पेंड उरणार सत्तर किलो! तेव्हा खरा उपपदार्थ कोणता? करंजाची पेंड जनावरे खात नाहीत आणि त्यांना ती घालूही नये, ती कडू आणि अपायकारक. खत म्हणून मात्र तिची ओळख जुनी आहे. तिच्यात चार टक्क्यांच्या आसपास नत्र असतो. सत्तर किलो पेंडीतला नत्र म्हणजे सहा किलो युरियाएवढाच, हे मी लपवीत नाही. नुसता नत्र मोजला तर सौदा फार मोठा नाही. पण पेंड सावकाश कुजते, नत्र वाहून जाऊ देत नाही, जमिनीला सेंद्रिय अंश देते, आणि मुळांवरच्या सूत्रकृमींना ती मानवत नाही. मोगली एरंडाच्या पेंडीबद्दल हेच, फक्त ती अधिक विषारी. २००३ नंतर मोगली एरंडाची देशभर केवढी हवा झाली होती, हे ज्यांनी रोपे लावली त्यांना आठवत असेल. पीक आले नाही, तेल निघाले नाही, हवा गेली. करंज निदान सावली तरी देतो. करंजतेलाची एक खोड आहे : त्यात मोकळी आम्ले पुष्कळ असतात. त्यांचा बंदोबस्त आधी न करता अल्कली घातली, तर इंधनाऐवजी भांडेभर साबण हाती येतो.

हे सारे एकत्र बसवण्याचा एक प्रयत्न ओडिशात झाला. गजपती जिल्ह्यातल्या किंचलिंगी या आदिवासी खेड्यात २००४ च्या सुमारास 'ग्राम विकास' ही संस्था आणि कॅनडातला एक गट यांनी मिळून पायडलवर चालणारे बायोडिझेलचे छोटे यंत्र बसवले. आसपासच्या मोहाच्या, करंजाच्या बिया, कारळा, त्यांचे तेल, त्या तेलाचे इंधन, आणि त्या इंधनावर गावाच्या पिण्याच्या पाण्याचा पंप. पेंड शेतात आणि ग्लिसरीन साबणाकडे अशी जोड त्यात आरंभापासून धरली होती. मला त्यातले आवडते ते हे की, इंधन कशासाठी हवे आणि उरलेले कुठे जाणार, दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत विचारले गेले.

उरलेले ग्लिसरीन विकता येईल का, असे पुष्कळ जण मला विचारतात. सरळ उत्तर, नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात युरोप-अमेरिकेत बायोडिझेलचे कारखाने वाढले आणि ग्लिसरिनचा एवढा पूर आला की भाव कोसळले. खनिज तेलापासून ग्लिसरीन करणारे कारखाने बंद पडले. फ्रान्समध्ये सॉल्व्हे कंपनीने २००७ साली उलटाच उद्योग मांडला : ज्या एपिक्लोरोहायड्रिनपासून पूर्वी ग्लिसरीन करीत, तेच आता ग्लिसरिनपासून करायचे! अशा बाजारात आपल्या काळपट पाच लिटरना कोण विचारतो? त्याची किंमत आपल्या गोबरगॅसच्या शेगडीवर आणि फरशी धुण्याच्या बादलीत जी वाचेल तेवढीच.

राहिले धुण्याचे पाणी. इंधन दोन-तीनदा पाण्याने धुवावे लागते आणि ते पाणी साबण, अल्कली आणि मेथॅनॉलचा अंश घेऊन बाहेर पडते. ओढ्यात किंवा विहिरीजवळ ते सोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यात हात घालणे. एक साधी युक्ती आहे. तिसऱ्या धुण्याचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते, ते पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरावे. पाणी जवळपास तिसऱ्या हिश्शाने वाचते. दुष्काळी भागात हे लहान नाही. पहिल्या धुण्याचे गढूळ पाणी पोटॅशचे असेल तर कंपोस्टच्या खड्ड्यावर. सोड्याचे असेल तर पसरट टाकीत उन्हाने आटवून, राहिलेला साका वेगळा ठेवावा.

आमच्या प्रयोगशाळेत आता त्या कॅनला कडीकुलूप आहे. चिठ्ठीही बदलली. 'बायोडिझेलचा तळ. विषारी. हात लावू नये.' खाली तारीख, कोणत्या तेलाचा, सोड्याचा की पोटॅशचा, आणि मेथॅनॉल काढले आहे की नाही. अक्षर मोठे आणि मराठीत. गेल्या वर्षी मुलांनी पोटॅशच्या डब्यातून केलेला पातळ साबण फरशीसाठी मावशींकडे दिला. त्यांनी तो आधी बादलीभर पाण्यात कालवला, मग मला बोलावून माझ्याच हातून पहिला कोपरा धुऊन घेतला.